किरणोत्सारी पॅकेजला मंजुरी देण्याआधी: वाहतूक सुरक्षेच्या सरकारी शास्त्रज्ञासाठी कामाची पद्धत

रुग्णालयाला लागणारे आयोडीन, वेल्डिंग तपासायचे इरिडियम, कर्करोगावरच्या यंत्रातले कोबाल्ट आणि अणुभट्टीतून निघालेले वापरलेले इंधन हे सगळे सार्वजनिक रस्त्यावरून, रेल्वेने, जहाजाने किंवा विमानाने जाते. ते कशात ठेवून आणि कोणत्या अटींवर जावे, हे देशाचे सक्षम प्राधिकरण ठरवते. त्या प्राधिकरणात काम करणाऱ्या शास्त्रज्ञाच्या टेबलावर मुख्यतः तीन प्रकारची कामे येतात: पॅकेजच्या आराखड्याची छाननी, प्रत्यक्ष पाठवणीची तपासणी आणि अपघात झाला तर सल्ला. नियमांचा गाभा जगभर एकच आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने वाहतुकीचे नियम पहिल्यांदा १९६१ मध्ये काढले. सध्याचा आधार म्हणजे 'एसएसआर-६' या मानकाची २०१८ ची सुधारित आवृत्ती. देशोदेशीचे रस्ता, सागरी आणि हवाई नियम त्यावरच बेतलेले असतात.

या नियमांमागचा विचार एका वाक्यात सांगता येतो: सुरक्षितता पॅकेजमध्ये असावी, प्रवासात नव्हे. ड्रायव्हर सावध असेल, रस्ता चांगला असेल, पाऊस नसेल असे काहीही गृहीत धरायचे नाही. अर्जात 'विशेष काळजी घेतली जाईल' असे वाक्य दिसले, की त्या जागी आराखड्यात काय कमी आहे ते शोधायला लागावे.

पहिला प्रश्न: आत नेमके काय आणि किती?

सगळी वर्गवारी ए-१ आणि ए-२ या दोन आकड्यांवर चालते, म्हणजे साध्या (टाइप ए) पॅकेजमधून न्यायच्या कमाल सक्रियतेवर. ए-१ हा 'स्पेशल फॉर्म' पदार्थासाठी असतो. स्पेशल फॉर्म म्हणजे न फुटणाऱ्या, न विरघळणाऱ्या सीलबंद कॅप्सूलमधला किंवा स्वतःच न विखुरणारा घन पदार्थ. बाकी सगळ्यासाठी ए-२. पॅकेज अपघातात निकामी झाले आणि जवळ माणूस असला, तरी त्याला साधारण ५० मिलिसीव्हर्टपेक्षा (शरीराला मिळणाऱ्या किरणांच्या मात्रेचे एकक) जास्त प्रभावी डोस मिळू नये, या हिशेबाने हे आकडे काढलेले आहेत. बाहेरून येणाऱ्या किरणांसाठी त्यात १ मीटर अंतर आणि अर्धा तास धरला आहे.

रोज लागणारे काही आकडे पाठच असावेत. कोबाल्ट-६० साठी ए-१ आणि ए-२ दोन्ही ०.४ टेराबेकेरल (सक्रियतेचे एकक: १ बेकेरल म्हणजे सेकंदाला एक विघटन, टेरा म्हणजे लाख कोटी पट). सीझियम-१३७ साठी २ आणि ०.६. इरिडियम-१९२ साठी १ आणि ०.६. आयोडीन-१३१ साठी ३ आणि ०.७. मॉलिब्डेनम-९९ साठी १ आणि ०.६. अमेरिशियम-२४१ साठी ए-१ तब्बल १०, पण ए-२ फक्त ०.००१.

अमेरिशियमच्या या दोन आकड्यांत दहा हजार पटींचा फरक आहे आणि तिथेच फाइल अडकते. तेलविहिरीत वापरायचा ०.५९ टेराबेकेरलचा अमेरिशियम-बेरिलियम स्रोत स्पेशल फॉर्म प्रमाणपत्र असेल तर साध्या टाइप ए पॅकेजमधून जातो. त्या प्रमाणपत्राची मुदत काल संपली असेल, तर आज तोच स्रोत ए-२ च्या ५९० पट ठरतो आणि त्याला गंभीर अपघातही सोसणारे टाइप बी पॅकेज लागते. म्हणून प्रमाणपत्राचा क्रमांक, मुदत आणि कॅप्सूलवर कोरलेला क्रमांक हे तिन्ही एकमेकांशी जुळवून मगच पुढे जावे. नुसती झेरॉक्स जोडलेली असेल तर ती कोणत्या कॅप्सूल-आराखड्याची आहे ते वाचावे. जवळपास सारख्याच नावाच्या दोन मॉडेलांची गल्लत नेहमीची आहे.

मिश्रण असेल तर प्रत्येक समस्थानिकाची सक्रियता त्याच्या मर्यादेने भागून बेरीज करायची. ती १ च्या आत हवी. समजा साध्या स्वरूपातले ०.१ टेराबेकेरल कोबाल्ट आणि ०.३ टेराबेकेरल सीझियम आहे. ०.१ भागिले ०.४ म्हणजे ०.२५, आणि ०.३ भागिले ०.६ म्हणजे ०.५. बेरीज ०.७५, टाइप ए चालेल. त्यातच ०.१८ टेराबेकेरल इरिडियम घातले, की आणखी ०.३ वाढते, बेरीज १.०५ होते आणि टाइप ए बाद.

इथे दोन चुका वारंवार दिसतात. एक म्हणजे अपत्य समस्थानिक (मूळ पदार्थाच्या विघटनातून तयार होणारा) दोनदा मोजणे. मॉलिब्डेनम-९९ च्या आकड्यात टेक्नेशियम-९९एम धरलेलेच आहे, सीझियमच्या आकड्यात बेरियम-१३७एम धरलेले आहे. ते वेगळे जोडायचे नसते. दुसरी चूक तारखेची. मॉलिब्डेनमचा अर्धायुकाळ ६६ तासांचा. मॉलिब्डेनमपासून टेक्नेशियम मिळवायच्या जनरेटरवर लिहिलेली सक्रियता बहुधा पुढच्या एखाद्या 'कॅलिब्रेशन' दिवसाची असते. तो दिवस पाठवणीनंतर ६६ तासांनी असेल, तर ट्रकमध्ये चढवताना आत लिहिल्याच्या दुप्पट माल असतो. कागदावर आणि लेबलवर प्रवासातली कमाल सक्रियता हवी, ग्राहकाला मिळणारी नव्हे.

पॅकेजचा प्रकार ठरवणे

सक्रियता अगदी थोडी असेल तर 'एक्सेप्टेड', म्हणजे बऱ्याच अटींतून सूट मिळालेले पॅकेज. यात द्रवासाठी मर्यादा ए-२ च्या दहा हजाराव्या भागाची, साध्या घन पदार्थासाठी हजाराव्या भागाची. म्हणजे आयोडीन-१३१ चे द्रावण ७० मेगाबेकेरलपर्यंत आणि घन कॅप्सूल ७०० मेगाबेकेरलपर्यंत. पण यासोबतची दुसरी अट जास्त कडक ठरते: पृष्ठभागावर कुठेही डोस रेट (तासाला मिळणारा डोस) ताशी ५ मायक्रोसीव्हर्टच्या वर नको. ७० मेगाबेकेरल आयोडीन उघडे ठेवले तर १ मीटरवर ताशी सुमारे ४ मायक्रोसीव्हर्ट आणि १० सेंटिमीटरवर त्याच्या शंभर पट. शिसे न घालता हे पॅकेज एक्सेप्टेड होणारच नाही.

त्यापुढे ए-१ किंवा ए-२ पर्यंत टाइप ए, आणि त्याहून जास्त असेल तर टाइप बी. मोठ्या प्रमाणातला पण विरळ सक्रियतेचा माल, म्हणजे खनिज किंवा दूषित उपकरणे, यासाठी औद्योगिक पॅकेजचे तीन प्रकार आहेत. खूप मोठी सक्रियता विमानाने न्यायची असेल तर टाइप सी, ज्याला सेकंदाला ९० मीटर वेगाच्या आघाताची आणि एक तासाच्या आगीची चाचणी द्यावी लागते. असा अर्ज क्वचितच येतो. रोजचे काम टाइप ए आणि टाइप बी यांचेच.

टाइप ए पॅकेजला बहुतेक वेळा सरकारी प्रमाणपत्र लागत नाही. पाठवणारी संस्थाच चाचण्या करते आणि कागद जपून ठेवते. तरी ते कागद मागण्याचा अधिकार तुमचा आहे. त्यात हे दिसायला हवे: ताशी ५ सेंटिमीटर पावसाइतका फवारा किमान एक तास, ५,००० किलोपेक्षा हलक्या पॅकेजसाठी १.२ मीटरवरून पाडणे, स्वतःच्या वजनाच्या पाच पट भार २४ तास, किंवा उभ्या प्रक्षेपित क्षेत्रफळावर १३ किलोपास्कल, यांपैकी जास्त असेल तो, आणि ३.२ सेंटिमीटर व्यासाचा, गोल टोकाचा ६ किलोचा दांडा १ मीटरवरून. द्रव किंवा वायूसाठीच्या टाइप ए पॅकेजला यापलीकडे ९ मीटरचे पतन आणि दांड्यासाठी १.७ मीटर उंची. या चाचण्यांनंतर आतले काही बाहेर पडता कामा नये आणि पृष्ठभागावरचा कमाल डोस रेट २० टक्क्यांहून जास्त वाढता कामा नये.

अहवालात 'चाचणी उत्तीर्ण' एवढेच लिहिलेले असेल तर तो परत पाठवा. कोणत्या कोनातून पाडले, दांडा कुठे लागला, आधी आणि नंतर डोस रेट किती, ओल्या पुठ्ठ्यावर पुढची चाचणी किती वेळाने केली, हे सगळे हवे. पुठ्ठ्याचे खोके कोरडे असताना उत्तम टिकते आणि ओले झाल्यावर कोपऱ्यातून उकलते. फवाऱ्याची चाचणी आधी ठेवण्याचे कारण तेच. द्रवासाठी आतल्या शोषक पदार्थाची क्षमता द्रवाच्या दुप्पट हवी, नाहीतर दुहेरी कंटेनमेंट (गळती अडवणारे आवरण) हवे. तो शोषक पदार्थ बाटलीभोवती आहे की फक्त तळाशी टाकला आहे, तेही पाहावे.

टाइप बी: फाइल वाचायची कशी

शास्त्रज्ञाचा खरा वेळ इथे जातो. टाइप बी पॅकेजला सामान्य प्रवासाबरोबर गंभीर अपघातही सोसावा लागतो. चाचण्यांची मालिका अशी: न दबणाऱ्या लक्ष्यावर ९ मीटरवरून पतन, १५ सेंटिमीटर व्यासाच्या उभ्या पोलादी खुंटावर १ मीटरवरून पतन, मग ८०० अंश सेल्सिअसच्या आगीत ३० मिनिटे. १५ मीटर पाण्याखाली ८ तासांची चाचणी वेगळी. हलक्या आणि कमी घनतेच्या काही पॅकेजेसना ९ मीटरच्या पतनाऐवजी ५०० किलोची पोलादी पाटी ९ मीटरवरून अंगावर घ्यावी लागते. ए-२ च्या लाखपटीहून जास्त सक्रियता असेल तर २०० मीटर पाण्याचा दाब एक तास.

९ मीटरवरून पडताना वेग ताशी ४८ किलोमीटरच होतो. ट्रक याहून वेगाने जातात, मग ही चाचणी पुरेशी कशी, असा प्रश्न पत्रकार नेहमी विचारतात. उत्तर लक्ष्यात आहे. भक्कम काँक्रीटवर बसवलेली जाड पोलादी पाटी, एकूण वस्तुमान नमुन्याच्या किमान दहा पट. अशा लक्ष्याला पोचा पडत नाही, सगळी ऊर्जा पॅकेजलाच शोषावी लागते. रस्ता, माती, दुसरी गाडी हे सगळे दबतात आणि ऊर्जा वाटून घेतात. हे उत्तर दोन मिनिटांत देता आले पाहिजे, कारण जनसुनावणीत ते लागतेच.

चाचण्यांनंतरचे निकष दोन. १ मीटर अंतरावर डोस रेट ताशी १० मिलिसीव्हर्टच्या आत, आणि आठवड्याभरात एकूण गळती एका ए-२ च्या आत. सामान्य प्रवासाच्या चाचण्यांनंतर मात्र गळती ताशी ए-२ च्या दहा लाखाव्या भागाच्या आत हवी.

फाइल उघडली की सारांश शेवटी वाचा. आधी आराखड्याच्या नकाशांची (ड्रॉइंगची) यादी घ्या आणि प्रत्येक नकाशाचा सुधारणा क्रमांक अहवालातल्या क्रमांकाशी जुळवा. चाचणी 'सी' आवृत्तीच्या नमुन्यावर झाली आणि मंजुरी 'ई' आवृत्तीला मागितली, असे घडते. मधल्या दोन बदलांत झाकणाच्या बोल्टची लांबी किंवा खाचेची खोली बदललेली असू शकते. मग पुढील गोष्टींकडे वळा.

पतनाचा कोन. सपाट तळावर पडणे दिसायला भयंकर असले तरी पॅकेजला ते सहसा सोपे जाते. गुरुत्वमध्य थेट कोपऱ्याच्या वर येईल असा कोन, किंवा आधी एक टोक आणि मग दुसरे टोक आपटेल असा तिरका कोन झाकणाला जास्त त्रास देतो. खुंटावरच्या पतनात नेम कुठे धरला ते पाहा: झडप, निचऱ्याचे छिद्र, वेल्डची रेषा की मधली मजबूत भिंत? अर्जदार मजबूत भिंत निवडतो, यात नवल नाही. दोन पतनांचा क्रमही असा हवा की आगीत जाताना नुकसान जास्तीत जास्त असेल.

धक्का शोषणारी टोपणे. ती बहुधा लाकडाची किंवा फोमची असतात. लाकूड थंडीत कडक होते, मग पॅकेजच्या गाभ्याला बसणारा झटका वाढतो. उष्णतेत आणि ओलाव्यात ते मऊ पडते, मग जास्त चेपते आणि शेवटी टणक गाभाच जमिनीला टेकतो. म्हणून उणे ४० आणि अधिक ३८ अंशांच्या परिसर-तापमानात, सूर्याची उष्णता धरून, दोन्ही टोकांचे हिशेब मागावेत. २० अंशांवरच्या एका चाचणीने दोन्ही सिद्ध होत नाहीत. लाकडाच्या धाग्याची दिशा आणि ओलाव्याची मर्यादा उत्पादनाच्या कागदांत लिहिलेली हवी.

लहान मापाचे नमुने. एक-तृतीयांश मापाच्या नमुन्यावर त्याच ९ मीटर उंचीवरून चाचणी केली, तर मिळणारा झटका पूर्ण मापाच्या तिप्पट असतो. तो भागून घ्यावा लागतो. बोल्टचा टॉर्क (आवळताना दिलेला पीळ) मापाच्या घनाने बदलतो, म्हणजे तो सत्ताविसावा भाग हवा. 'टॉर्क एक-तृतीयांश केला' असे दिसले तर बोल्ट गरजेच्या नऊ पट आवळलेले होते आणि झाकण टिकले यात आश्चर्य नाही. गळती आणि उष्णता तर अशा सरळ प्रमाणात बदलतच नाहीत. लहान नमुन्यावरून सीलबद्दल निष्कर्ष काढलेला असेल तर तो बाजूला ठेवावा.

शिल्डिंग, म्हणजे किरणे अडवणारे आवरण. शिसे जोरदार आपटल्यावर खाली सरकते आणि वरच्या टोकाला फट राहते. डोस रेट नेमका त्या फटीसमोर मोजला आहे का ते पाहा. शिसे ३२७ अंशांना वितळते आणि वितळताना फुगते. आगीत ते वितळणार नाही हे हिशेबाने दाखवावे, नाहीतर वितळूनही निकष पाळला जातो हे दाखवावे. डिप्लीटेड युरेनियम वापरले असेल तर आगीत हवा आत शिरून ते ऑक्सिडाइज होण्याचा धोका बघावा. शिवाय युरेनियम आणि पोलाद थेट टेकलेले असले तर ७२५ अंशांच्या आसपासच त्यांचे वितळणारे मिश्रण तयार होते, जे चाचणीच्या ८०० अंशांच्या खाली आहे. म्हणून दोघांच्या मध्ये तांब्यासारखा थर घालतात. तो थर नकाशात नसेल तर तो एक प्रश्नच अर्ज थांबवायला पुरेसा आहे.

ओ-रिंग, म्हणजे झाकण सील करणारे रबरी कडे. पॅकेजमधला सर्वांत स्वस्त भाग आणि छाननीतला सर्वांत महाग मुद्दा. साधे फ्लोरोइलास्टोमर गरम तापमान चांगले सोसते, पण उणे ४० ला ताठ होते. ईपीडीएम थंडीत बरे राहते, पण फार उष्णतेत मागे पडते. कोणते रबर, किती दाबलेले, प्रारणाने आणि वयाने किती कडक होणार, किती महिन्यांनी बदलणार, हे सगळे हवे. २०१८ च्या आवृत्तीत वय वाढण्याचे परिणाम आराखड्यात विचारात घेणे बंधनकारक झाले आहे. वापरलेले इंधन वर्षानुवर्षे साठवून मग हलवायच्या पॅकेजेससाठी तर हा मुद्दा केंद्रस्थानी येतो.

गळतीची चाचणी. साबणाचे बुडबुडे मोठी गळती दाखवतात. मोठ्या सक्रियतेच्या भुकटीसाठी किंवा वायूसाठी हेलियमची चाचणी लागते. अर्जदाराने निवडलेल्या पद्धतीची संवेदनशीलता मंजूर गळतीच्या मर्यादेपेक्षा चांगली आहे का, एवढा एकच प्रश्न विचारला तरी निम्मे गोंधळ बाहेर पडतात.

संगणकीय विश्लेषण असेल तर रंगीत चित्रे पाहून भारावू नये. त्याच प्रोग्रामने, त्याच गुणधर्मांनी एखाद्या प्रत्यक्ष पतन-चाचणीचा निकाल आधी बरोबर काढून दाखवला आहे का, ते मागावे. बोल्टमध्ये आधीचा ताण धरला आहे का, आणि शक्य असेल तिथे स्वतंत्रपणे हाताने केलेला ऊर्जेचा साधा हिशेब त्याच्या जवळपास येतो का? तुमच्या टिपणीत हा हाताचा हिशेब जोडलेला असावा.

शेवटी मंजुरीचा प्रकार. टाइप बी(यू) ला आराखडा ज्या देशात झाला त्या देशाचे प्रमाणपत्र पुरते. बी(एम) मध्ये काही अट शिथिल केलेली असते, म्हणून वाटेतल्या आणि पोहोचण्याच्या देशांचीही मंजुरी लागते. विखंडनशील पदार्थाला क्रिटिकॅलिटीची (आपोआप साखळी अभिक्रिया सुरू होण्याच्या धोक्याची) वेगळी छाननी असते. प्रमाणपत्रातल्या अटी अशा लिहाव्यात, की बंदरावरचा तपासनीस त्या मोजून पाहू शकेल. 'योग्य प्रकारे आवळावे' ही अट निरुपयोगी आहे. बोल्टची संख्या, टॉर्क आणि आवळण्याचा क्रम लिहिला तर उपयोगी.

पाठवणीच्या दिवशी मोजमाप

प्रत्यक्ष तपासणीला जाताना कॅलिब्रेशनची मुदत असलेला सर्व्हे मीटर, गरज असेल तर न्यूट्रॉन मीटर, स्वाइपचे (पृष्ठभाग पुसून दूषितता तपासायचे) फिल्टर कागद, मोजपट्टी आणि टॉर्क रेंच घ्या. अमेरिशियम-बेरिलियम किंवा कॅलिफोर्नियम-२५२ असताना केवळ गॅमा मीटर नेणे म्हणजे डोसचा मोठा भाग न मोजणे.

१. आधी परिसराचा डोस रेट नोंदवा, पॅकेजपासून दूर उभे राहून.

२. पॅकेजच्या सहाही बाजू फिरा, तळासकट. मीटर हळू सरकवा आणि कमाल जागा शोधा. मोठ्या डिटेक्टरखाली बारीक किरणशलाका आली तर वाचन सरासरीत बुडते, म्हणून संशय आल्यास लहान डिटेक्टर घ्या.

३. प्रत्येक बाजूपासून १ मीटरवर मोजा. त्यातल्या कमाल आकड्यावरून ट्रान्सपोर्ट इंडेक्स, म्हणजे टीआय, काढा. मिलिसीव्हर्टमध्ये असेल तर १०० ने गुणा, मायक्रोसीव्हर्टमध्ये असेल तर १० ने भागा. एक दशांशस्थळ ठेवा आणि नेहमी वरच्या बाजूला पूर्ण करा: १.१३ चे १.२ होतात. ०.०५ किंवा त्याहून कमी असेल तर शून्य लिहिता येतो.

४. लेबल ठरवा. पृष्ठभागावर ताशी ०.००५ मिलिसीव्हर्टपर्यंत आणि टीआय शून्य, तर पांढरे पहिले. ०.५ पर्यंत आणि टीआय १ पर्यंत, तर पिवळे दुसरे. २ पर्यंत आणि टीआय १० पर्यंत, तर पिवळे तिसरे. दोन निकष वेगवेगळी लेबले सुचवत असतील तर वरचे घ्या. टीआय ०.८ पण पृष्ठभागावर ०.६२ असेल, तर तिसरेच लेबल.

तळाशी मोजायचा मुद्दा दोनदा सांगण्यासारखा आहे. २००२ मध्ये इंग्लंडात लीड्सहून सेलाफील्डला कोबाल्ट-६० चा उपचारातला स्रोत नेताना शिल्डिंगची एक डाट बसवायचीच राहून गेली. बारीक पण अतितीव्र किरणशलाका सरळ खाली जमिनीकडे जात राहिली आणि गाडीने तसाच दोनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास केला. शलाका आडवी असती तर परिणाम वेगळे झाले असते. पॅकेज उचलून तळ मोजायला क्रेन आणि अर्धा तास लागतो, म्हणून ती पायरी गाळण्याचा मोह होतो. उचलणे शक्य नसेल, तर पॅकेज भरताना घेतलेली मापे आणि डाट बसवल्याची दुहेरी सही मागा.

मग दूषितता. ३०० चौरस सेंटिमीटर जागा कोरड्या फिल्टर कागदाने पुसा. सुटी दूषितता बीटा-गॅमा आणि कमी विषारी अल्फासाठी प्रति चौरस सेंटिमीटर ४ बेकेरल, इतर अल्फासाठी ०.४ च्या आत हवी. उदाहरण: कागदावर सेकंदाला १.९ गणना, पार्श्वभूमी ०.४, म्हणजे निव्वळ १.५. उपकरणाची कार्यक्षमता ०.२५ आणि कागदाने उचललेला भाग ०.१ धरला तर छेद ०.२५ × ०.१ × ३०० = ७.५. उत्तर ०.२ बेकेरल प्रति चौरस सेंटिमीटर. बीटासाठी निश्चिंत, अल्फासाठी मर्यादेच्या निम्म्यावर. ताज्या स्वाइपवर अल्फा जास्त दिसली तर लगेच पॅकेज अडवल्याचा अंतिम शेरा मारू नका. हवेतल्या रेडॉन वायूची अपत्ये कागदावर येतात. पॅकेज बाजूला ठेवून काही तासांनी तोच कागद पुन्हा मोजा. आकडा झपाट्याने उतरला तर रेडॉन, जागच्या जागी राहिला तर खरी दूषितता.

मोजणी झाली की हात लावून पाहायच्या गोष्टी: सील जागेवर आणि क्रमांक कागदाशी जुळणारा, टाइप बी वरचे त्रिदल चिन्ह आग-पाण्यात टिकेल असे कोरलेले, ५० किलोवर असेल तर एकूण वजन लिहिलेले, लेबले समोरासमोरच्या दोन बाजूंवर, सक्रियता बेकेरलमध्ये. रिकाम्या पॅकेजवर जुने पिवळे लेबल तसेच दिसत असेल तर ते झाकायला किंवा काढायला लावा. रिकाम्याला संयुक्त राष्ट्रांचा माल-क्रमांक (यूएन) २९०८ लागतो, टाइप ए ला २९१५ आणि स्पेशल फॉर्म असेल तर ३३३२, टाइप बी(यू) ला २९१६. हे क्रमांक चुकले तर आग विझवायला येणारा माणूस चुकीचे पान उघडतो.

बोल्टकडे वेगळे लक्ष द्या. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात खाणीतल्या घनतामापकातून सीझियम-१३७ ची १९ गिगाबेकेरलची, ८ मिलिमीटर लांब आणि ६ मिलिमीटर व्यासाची कॅप्सूल लांबच्या रस्त्यावर सांडली. प्रवासातल्या हादऱ्यांनी मापकाचे जोड सैल झाले, बोल्ट निघाला आणि त्याच छिद्रातून कॅप्सूल पडली. ती १ फेब्रुवारीला सापडली. ही सक्रियता टाइप ए च्या मर्यादेच्या पुष्कळ आत होती. जुन्या यंत्रासकट स्रोत पाठवायचा असेल तर यंत्रालाच पॅकेज समजू नका; त्याबाहेर कॅप्सूल अडेल अशी बंद पेटी असावी आणि निघण्यापूर्वी स्रोत आत असल्याचे मोजून पाहावे.

गाडी आणि कागद

नेहमीच्या गाडीत सगळ्या पॅकेजेसच्या टीआयची बेरीज ५० च्या आत. टीआय १.४ ची ४० पॅकेजेस म्हणजे ५६. एकतर दोन गाड्या करा किंवा पूर्ण गाडी एकाच पाठवणाऱ्याच्या ताब्यात द्या. गाडीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर ताशी २ मिलिसीव्हर्ट आणि २ मीटरवर ०.१ मिलिसीव्हर्ट ही मर्यादा. रस्त्यावरच्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी ताशी ०.०२ मिलिसीव्हर्टच्या वर जात असेल तर त्याला डोसमापक आणि किरणसुरक्षेची व्यवस्था लागते. जास्त टीआयची पॅकेजेस केबिनपासून लांब आणि कमी टीआयची मध्ये, एवढ्या मांडणीनेच हा आकडा पुष्कळ उतरतो.

बांधणीत एक उलटा वाटणारा नियम आहे. अपघातात पट्टा किंवा कडी तुटली तरी चालेल, पण ती तुटताना पॅकेजची भिंत फाटता कामा नये. म्हणून कडी पॅकेजपेक्षा कमजोर ठेवतात. समोरच्या दिशेने ०.८ जी (गुरुत्वाच्या ०.८ पट) आणि बाजूंना ०.५ जी हे रस्त्यासाठीचे नेहमीचे हिशेब.

सक्रियता ए-१ किंवा ए-२ च्या ३,००० पट, किंवा १,००० टेराबेकेरल, यांपैकी जे कमी असेल त्याच्या वर गेली, तर वाटेतल्या देशांच्या प्राधिकरणांना प्रत्येक पाठवणीची सूचना शक्यतो किमान ७ दिवस आधी पोहोचायला हवी. वाहतूकदार आणि विमान कंपन्या किरणोत्सारी माल नाकारतात, तो अनेकदा या कागदांच्या गोंधळाला कंटाळून. अर्धायुकाळ तासांत असलेल्या औषधासाठी असा नकार म्हणजे माल वाया जाणे.

फोन आला तर

अपघाताच्या जागी जखमींना बाहेर काढणे पहिले. किरणोत्साराच्या भीतीने ते थांबवायचे नसते. पॅकेज फुटल्याचा संशय असेल तर सुरुवातीला ३० मीटर, मोठी सांडवण असेल तर १०० मीटर, आग किंवा धूर असेल तर ३०० मीटर जागा मोकळी करा. मीटर आला की ताशी १०० मायक्रोसीव्हर्टच्या रेषेवर आतला घेर आखा.

फोनवर सर्वांत उपयोगी प्रश्न एकच: लेबलवर टीआय किती लिहिला आहे? टीआय २.५ असेल तर १ मीटरवर ताशी २५ मायक्रोसीव्हर्ट दिसायला हवेत. तेवढेच दिसत असतील तर शिल्डिंग शाबूत आहे आणि घाई कमी झाली. २५० दिसत असतील तर शिल्डिंग हलले आहे किंवा स्रोत बाहेर आला आहे. काहीच दिसत नसेल तर पॅकेज रिकामे असण्याची शक्यता धरा, आणि स्रोत रस्त्याच्या मागच्या भागात शोधायला लागा. यानंतर स्वाइप, आणि मगच पॅकेज हलवणे.

आघात झालेले टाइप बी पॅकेज बाहेरून धड दिसले तरी त्याच प्रमाणपत्रावर पुढे पाठवायचे नाही. प्रमाणपत्र आघात न झालेल्या आराखड्याला दिलेले असते. ते जागेवरून हलवायलाच हवे असेल, तर विशेष व्यवस्थेखाली वेगळी मंजुरी द्या, बाहेरून दुसरे आवरण घाला, जवळच्या सुरक्षित जागी न्या, आणि झाकण उघडून ओ-रिंग, बोल्टची लांबी आणि शिल्डिंगचे नकाशाप्रमाणे मोजमाप झाल्यावरच त्याचा अनुक्रमांक पुन्हा वापरात घेऊ द्या.